दार उघडं ठेवायचं बटण

माणूस घर निवडत नाही, घरच माणसाला निवडतं, असं जाणती माणसं सांगत आली आहेत. चौकशी केली तर ही जाणती माणसं बहुतेक वेळा घरमालक निघतात. भाडेकरूला निवडतो तो दलाल, आणि तोसुद्धा त्या दिवशी दुसरं बरं गिऱ्हाईक गळाला लागलं नसेल तरच.

आपल्या गोष्टीतल्या गृहस्थांना यातलं काहीच मान्य नव्हतं. ते सरकारी खात्यात लिफ्टचे निरीक्षक होते. एखादी लिफ्ट माणसं वाहायला लायक आहे की नाही हे तपासून सांगणं हे त्यांचं काम, आणि जगातली प्रत्येक गोष्ट तपासूनच घ्यायची असते हा त्यांचा धर्म. लग्नाच्या हॉलमध्ये त्यांनी आधी छताला टांगलेल्या पंख्यांचे हुक पाहिले आणि मग नवरीकडे पाहिलं, असं त्यांची बायको अजूनही सांगते. हुक चांगले होते, असं निरीक्षक अजूनही सांगतात.

ज्या गावात त्यांची नोकरी झाली तिथे लिफ्टा मोजून तीन. एक कचेरीत, एक हॉटेलात आणि एक कापडाच्या दुकानात. तिसरीत दुकानदार गाठोडी ठेवायचा. तेवढ्यावर निरीक्षकांनी निम्मं आयुष्य इमानदारीनं काढलं. मग एक दिवस खात्याच्या लक्षात आलं की, हा माणूस कुणाकडून काही घेत नाही आणि कुणाला ताटकळत ठेवत नाही. अशा माणसाला एका जागी फार काळ ठेवणं बरं नव्हे. त्यांना बढती मिळाली आणि महानगरात बदली झाली.

घोडं अडलं ते बायकोपाशी. ती कपडे शिवायची. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मापं द्यायला आलेली बाई माप देऊन लगेच उठली, असं त्या खोलीत कधी घडलं नव्हतं. येणारी बाई आपली सासू, आपली जाऊ, आपलं गुडघ्याचं दुखणं, सगळं त्या मशीनशेजारी उसवून टाकायची आणि हलकी होऊन जायची. बाकीचा दिवस बेल वाजत राही. कुणाला शिडी हवी, कुणाला थर्मामीटर, कुणाला नवऱ्याविरुद्ध साक्षीदार.

"मी येते," दातांत टाचण्या धरून ती म्हणाली. "घर कसंही चालेल. शेजार पाहिजे. कुणीतरी बेल वाजवून काहीतरी मागायला आलं पाहिजे. उन्हाळा सरेपर्यंत कुणी आलं नाही, तर मी मशीन उचलून परत येईन. तुम्ही बसा तिकडे वरखाली करत."

"काय मागायला यावं म्हणतेस?"

"काहीही. शिडी मागावी, स्क्रू ड्रायव्हर मागावा, माफी मागावी. पण मागावं."

ही नुसती बोलून थांबणारी बाई नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकानं कोटाची बाही वाकडी आहे म्हटलं, तेव्हा तिनं त्याच्यादेखत अख्खा कोट उसवून कापड त्याच्या हातात दिलं होतं. आताही तिनं दुकानाला कुलूप लावलं, पण किल्ली बहिणीकडे ठेवली. दुकान भाड्यानं द्यायचा विषय काढला, तर तिनं ऐकूच आलं नाही असं दाखवलं. म्हणजे धमकी पक्क्या दोऱ्यानं शिवलेली होती.

निरीक्षक एकटेच पुढे गेले, कचेरीच्या विश्रामगृहात उतरले आणि घर शोधायला लागले.

शेजार तपासायचा कसा? लोकांना विचारून उपयोग नाही. शेजारी कसे आहेत असं विचारलं की लोक आपल्याविषयी सांगतात. पण निरीक्षकांकडे एक साधन होतं. प्रत्येक लिफ्टमध्ये मजल्यांच्या आकड्यांखाली दोन बटणं असतात. एक दार उघडं ठेवायचं, दुसरं दार बंद करायचं. कुणी धावत येताना दिसलं तर पहिलं दाबायचं. कुणी धावत येताना दिसलं तर दुसरंही दाबता येतं. माणूस तोंडानं काहीही बोलो, बोट खोटं बोलत नाही. कुठलं बटण जास्त झिजलंय एवढं बघितलं की त्या इमारतीची नीतिमत्ता कळते, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो त्यांनी फोनवर बायकोला समजावून सांगितला.

"बरं," ती म्हणाली. "आणि घरात पाणी येतं का, तेही बघा जाता जाता."

दलाल हा कपाळावर काळा चष्मा चढवून फिरणारा, गोड बोलणारा माणूस होता. त्यानं पहिल्यांदा त्यांना उंच काचेच्या इमारतींच्या वस्तीत नेलं. तिथे झाडंसुद्धा एका उंचीची होती आणि कुत्र्यांना माणसांपेक्षा बरे कपडे होते.

"साहेब, इकडे या, किचन बघा! अख्खं किचन बाहेरच्या देशातलं आहे!"

साहेब लिफ्टमध्ये होते. आत आरसा होता, मंद संगीत होतं, आणि दार बंद करायचं बटण इतकं झिजलं होतं की त्यावरची खूण पुसून खालचा पत्रा दिसत होता. उघडं ठेवायचं बटण कारखान्यातून आलं तसं चकचकीत.

"इथे कुणी कुणासाठी थांबत नाही," निरीक्षक म्हणाले.

"बरोबर ओळखलंत साहेब! इथे फुल प्रायव्हसी आहे. शेजारी मेला तरी तुम्हाला त्रास नाही."

दुसरी वस्ती मध्यमवर्गीय, संस्कारी म्हणून प्रसिद्ध. तिथल्या लिफ्टमध्ये बटणं दिसेनात, कारण भिंतभर सूचना चिकटवल्या होत्या. लिफ्टमध्ये बोलू नये. लिफ्टमध्ये सामान नेऊ नये. पाहुण्यांनी जिना वापरावा. एका सूचनेखाली कुणीतरी पेनानं 'आणि श्वास?' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली 'असे लिहिणाऱ्यावर कारवाई होईल' अशी छापील सूचना होती. निरीक्षकांनी कागदाचं टोक उचलून पाहिलं. बंद करायचं बटण मध्यभागी खोल गेलं होतं, पायरी झिजते तसं.

तिसरी वस्ती शहराच्या टोकाला. "शहर इकडेच येतंय साहेब," दलाल म्हणाला. शहर अजून वाटेत होतं. रस्ता इमारतीपर्यंत येऊन, काहीतरी विसरल्यासारखा, थांबला होता. लिफ्टमधली बटणं प्लास्टिकच्या वेष्टनात. दोन्ही सारखीच कोरी.

"इथे माणसंच नाहीत!"

"म्हणजे वाईट माणूस एकही नाही साहेब! असा रेकॉर्ड दुसरीकडे मिळेल?"

असे कितीतरी रविवार गेले. घरं उघडायची, दलालानं खिडकीकडे हात करून उजेड स्वतः बनवल्यासारखा दाखवायचा, आणि निरीक्षकांनी लिफ्टमध्ये पाठीमागे हात बांधून उभं राहायचं. दलाल बाजूला होऊन फोनवर कुणाला तरी म्हणताना त्यांनी ऐकलं, "नाही रे, पार्टी चांगली आहे. डोक्यानं जरा हलकी आहे, एवढंच."

आणि मग ती इमारत सापडली. आठ मजल्यांची, रंग उडालेली, खाली एक सायकल दुरुस्तीचं दुकान आणि एक दातांचा दवाखाना. जाहिरातीत घालण्यासारखं काही नाही. निरीक्षक लिफ्टमध्ये शिरले आणि खिशातला चष्मा काढून नीट लावला.

दार उघडं ठेवायचं बटण झिजलं होतं. नुसतं झिजलं नव्हतं, गुळगुळीत झालं होतं. वर्षानुवर्षं माणसं माणसांसाठी थांबली होती. पॅनेलवर एक जास्तीचं किल्लीचं भोकही होतं, तेही निरीक्षकांना सोज्वळ वाटलं.

"घेतलं," ते म्हणाले.

"अहो, घर तर बघा! चौथ्या मजल्यावर आहे. बाथरूमचं दार आतून लागत नाही, आधीच सांगतो."

"लागलं नाही तरी चालेल. इथली माणसं थांबणारी आहेत."

लिफ्टची बाकी तपासणी त्यांनी केली नाही. खाजगी कामासाठी सरकारी डोळा वापरायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. तत्त्ववान माणूस फसतो तेव्हा तोही तत्त्वानंच फसतो.

बायको मशीन घेऊन आली. पहिल्या दिवशी तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि दारात बसून पडदे शिवायला घेतले. दुपारी ती पाणी प्यायला आत गेली. परत आली तर दार बंद. कुणीतरी जाता जाता बाहेरून ओढून घेतलं होतं.

"सुरक्षेसाठी असेल," निरीक्षक म्हणाले.

"कुणाच्या?"

आठवडे गेले. समोरच्या दारात एक जोडपं राहत होतं. तिनं हसून पाहिलं की त्या जोडप्यातल्या बाईला नेमकी पर्समध्ये किल्ली शोधायची असायची. एकदा बेल वाजली. ती हातातली कात्री टाकून धावली. कुरियरवाला होता, पाकीट पाचव्या मजल्याचं होतं.

"त्यानं सही तर मागितली ना?" निरीक्षकांनी केविलवाणं होऊन विचारलं.

"सही धरायची नाही."

"का? मागितलंच की त्यानं काहीतरी."

"अहो, मी शेजार मागितला होता, टपाल नव्हे."

उन्हाळा उतरणीला लागला. ती बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलायला लागली, आणि निरीक्षक खोलीत आले की "बरं, ठेवते" म्हणायला लागली. मशीनवरचं काम संपत आलं होतं. नवं कुठून येणार? पडद्यांना झालरी लावून झाल्या, मग झालरींना पट्ट्या. घरात शिवण्यासारखं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला तिनं जुन्या मापानं दोन शर्ट शिवले. दोन्ही सैल झाले. काळजीनं तो वाळला होता.

एका संध्याकाळी ती बाजारातून कापडाचा गठ्ठा घेऊन आली ती तोंड लाल करूनच.

"तुमचं ते थोर बटण! मी गठ्ठा घेऊन येतेय, लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरचा तो जाडा उभा. मी म्हटलं, थांबा हो. त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि बटण दाबलं."

"उघडायचंच दाबलं असेल. गोंधळतात कधी कधी लोक."

"मग दार बंद का झालं?"

निरीक्षकांनी सिद्धान्त पुन्हा तपासायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इमारतीच्या सेक्रेटरीला गाठलं. हा पहिल्या मजल्यावर राहणारा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून हिंडणारा, फुकट मिळालेल्या वस्तूवर जीव टाकणारा गृहस्थ. निरीक्षकांनी आडून आडून विचारलं की, इथल्या लोकांना दार धरून ठेवायची सवय कधीपासून.

"कुणाला? आमच्या लोकांना?" सेक्रेटरी हसू लागला. "अहो, ते पॅनेल इथलं नाहीच! आमचं जळलं होतं. नवं कोण घेतो? एक जुनं इस्पितळ पाडत होते, तिथून काढून आणलं. मजले तेवढेच, फिटिंग तेच. स्ट्रेचर आत घेईपर्यंत दार धरून ठेवावं लागायचं ना त्यांना, म्हणून ते एक बटण झिजलंय. बाकी माल कसा ठणठणीत आहे बघा! ते किल्लीचं भोकसुद्धा ऑपरेशनवाल्या मजल्याचं आहे."

"आणि तुमच्या जुन्या पॅनेलवरचं दार बंद करायचं बटण?"

"ते काय, सारखं तुटायचं. सारखं बदलावं लागायचं. त्यातूनच तर आग लागली."

निरीक्षक तिथून तडक निघाले. ते कचेरीत गेले, अर्ज करून आपल्या इमारतीची तपासणी स्वतःकडे घेतली, आणि दुपारी सरकारी टॉर्च घेऊन गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत चढले. हा सूड नव्हता. सूड घ्यायला नियम लागत नाहीत, आणि यांच्यापाशी नियम भरपूर होते. ब्रेकचं अस्तर खरोखरच झिजलेलं होतं. दोराच्या तारा तुटू लागल्या होत्या. खालच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, त्यात एक चप्पल तरंगत होती. त्यांनी लिफ्टला सील ठोकलं आणि जिन्यानं घरी आले.

"काय केलंत?" बायकोनं विचारलं.

"काम," ते म्हणाले.

"बरं. रविवारी जायची गाडी बघून ठेवा मग. मशीन उचलायला माणूसही लागेल."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिन्यात धापा टाकण्याचा आवाज आला. चौथ्या मजल्यापर्यंत येता येता माणसाचा दम संपतो आणि अहंकार सुटतो, ही गोष्ट कुठल्याही नियमावलीत दिलेली नाही. सहाव्या मजल्यावरचा जाडा त्यांच्या दाराशी आला, चौकटीला धरून वाकला, आणि आधाराला टेकलेला त्याचा हात बेलवर पडला.

बायकोनं दार उघडलं.

"पा..." जाडा म्हणाला. "पाणी... मिळेल?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग आत वळून तिनं अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अहो! मागितलं!"

जाडा दोन तांबे पाणी प्यायला. तिनं खुर्ची बाहेर काढली. तो बसला म्हणून मागून येणारी आठव्या मजल्यावरची मास्तरीणबाईही थांबली, तिला स्टूल मिळालं. "काय हो, कधी सुरू होणार ही मेली लिफ्ट?" या प्रश्नानं सुरुवात झाली आणि साडेसातला गप्पा जाड्याच्या घटस्फोटापर्यंत पोचल्या होत्या. त्या दिवशी गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या काही दिवसांत चौथ्या मजल्याची मोकळी जागा भरून गेली. दोन खुर्च्या, स्टूल, मग कुणीतरी स्वतःच्या घरातून आणलेला बाक. मास्तरीणबाई तिथे बसून वह्या तपासायची आणि मुलांची उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवायची. पाचव्या मजल्यावरची आणि दुसऱ्या मजल्यावरची, दोघी एकाच कचेरीत इतकी वर्षं काम करतात, हे दोघींना इथे कळलं. पाचवीचं ठीक, पण दुसरीला चौथ्यावर यायचं कारणच नव्हतं. ती मुद्दाम वर चढून यायची. समोरच्या दारातल्या बाईला पर्समधली किल्ली आता चटकन सापडत असे, आणि तिच्या नवऱ्याला पाण्यात बघणारी सगळी मंडळी कोण कोण आहेत, हे तिनं क्रमवार सांगितलं. कपडे शिवायलाही यायला लागले. मापं घेता घेता सासवा, जावा, गुडघे, सगळं पूर्ववत सुरू झालं. एका रविवारी बेल वाजली आणि जाड्यानं शिडी मागितली. बायकोनं त्या दिवशी बहिणीला फोन करून सांगितलं की दुकानाची खोली भाड्यानं द्यायला हरकत नाही.

"माणसं किती बदलली ना?" ती म्हणाली.

"माणसं तीच आहेत. दार बंद करायचं बटण तेवढं हाताशी नाही," निरीक्षक म्हणाले, आणि हे वाक्य कुठेतरी वापरता येईल म्हणून मनात ठेवलं.

सेक्रेटरीनं मात्र घोळ घातला. त्यानं लिफ्ट दुरुस्त करून घेतली. ब्रेकचं अस्तर नवं, दोर नवा, खड्डा कोरडा, चप्पल मालकाला परत. तो दारात येऊन उभा राहिला. "साहेब, सगळं चोख झालंय. फेरतपासणी करून सील काढा. कधी येता?"

निरीक्षकांनी आत पाहिलं. बायको सुईत दोरा ओवत होती. तिनं वर न बघता विचारलं, "अहो, लिफ्ट इतक्यात सुरू नाही ना होणार?"

"नियमाप्रमाणे होईल."

"मग नियम नीट बघा," ती म्हणाली.

आयुष्यात कुणालाही ताटकळत न ठेवलेल्या त्या माणसानं नियम नीट बघितले. नीट बघितलं की नियमांत काय नसतं! पहिल्यांदा खड्ड्यातला दिवा मंद निघाला. मग यंत्राच्या खोलीच्या दारावरची धोक्याची पाटी लाल हवी ती तांबूस निघाली. नंतर पाटी लाल झाली, पण तिचे खिळे गंजलेले. मग निरीक्षकांना सर्दी झाली. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरचा असल्यामुळे त्याची तक्रारही पहिल्या मजल्याइतकीच उंच जात होती. शिवाय तोही संध्याकाळी बाकावर यायला लागला होता आणि इस्पितळातून आणखी काय काय उचलता आलं असतं ते सांगत बसायचा. कचेरीत निरीक्षकांचं वजन वाढलं. हा माणूस कामं अडवू शकतो, अशी बातमी पसरताच वरिष्ठ त्यांना बसायला सांगू लागले. नव्यानं बदलून आलेले लोक घराबद्दल सल्ला विचारायचे, तेव्हा ते शांतपणे सांगायचे, "लिफ्ट बंद असलेली इमारत बघा. वस्ती आपोआप चांगली निघते."

एका संध्याकाळी मंडळी पांगल्यावर बायको खुर्च्या भिंतीला लावत होती.

"सगळ्यांशी ओळख झाली बाई," ती समाधानानं म्हणाली. "एक ते सातव्या मजल्यावरचे आजोबा सोडून. इतक्या दिवसांत एकदा खाली आले नाहीत. इकडे वळून बघत नाहीत. फारच माणूसघाणे दिसतात."

"असतात काही लोक तसे," निरीक्षक म्हणाले.

सातव्या मजल्यावरचे आजोबा चाकांच्या खुर्चीत असतात.